लिनक्सवरील संपीडन-पद्धतींची निवड : गुणोत्तर, वेग आणि विश्वासार्हता यांची चिकित्सा

सारांश

लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली वापरणाऱ्या संस्थेपुढे फाइल आणि फाइल-प्रणाली यांच्या संपीडनाचे अनेक पर्याय खुले असतात. या पर्यायांची तुलना बहुधा ‘कोणत्या पद्धतीने फाइल सर्वांत लहान होते’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत लेखात या एकांगी कसोटीची चिकित्सा केली आहे. वाचन-लेखनाचे प्रमाण, मजकुराची लिपी, अंशतः खराब झालेल्या फाइलीतून मजकूर परत मिळण्याची शक्यता आणि साधनामागील व्यवस्थेची विश्वासार्हता या चार बाबी गुणोत्तराइतक्याच, किंबहुना शैक्षणिक संस्थेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे. मराठी मजकुराच्या संदर्भात प्रचलित चाचण्या अपुऱ्या का ठरतात, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : लिनक्स, संपीडन, फाइल-प्रणाली, युनिकोड, देवनागरी, दीर्घकालीन जतन.

१. प्रस्तावना

महाविद्यालयांत साठत जाणाऱ्या संगणकीय सामग्रीचे स्वरूप विविध आहे. वार्षिक नियतकालिकांचे जुने अंक, हस्तलिखितांच्या प्रतिमा, क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणे, प्रयोगशाळेतील मोजमापे आणि परीक्षा विभागाच्या नोंदी असे सारे एकाच सर्व्हरवर येऊन पडते. जागा अपुरी पडू लागली की संपीडनाचा, म्हणजे माहिती न गमावता फाइलीचा आकार कमी करण्याचा विचार सुरू होतो. बंदिस्त संगणक-प्रणालीत हा निर्णय बऱ्याच अंशी निर्मात्यानेच घेतलेला असतो. लिनक्समध्ये तो वापरकर्त्याकडे येतो. निवडीच्या स्वातंत्र्याबरोबर निवडीची जबाबदारीही येते; परंतु प्रत्यक्षात ही निवड संगणक-कक्षात त्या दिवशी उपस्थित असलेली व्यक्ती सवयीने करते आणि तिची कारणे कोठेही नोंदविली जात नाहीत.

या निर्णयाचे परिणाम मात्र दीर्घकाळ टिकतात. मराठी अभ्यासकांना याचा एक कटू अनुभव आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी विशिष्ट फाँटांच्या खाजगी संकेतनात टंकलिखित केलेला मजकूर आज तो फाँट किंवा योग्य रूपांतरक हाती नसल्यास निरर्थक चिन्हांची रांग होऊन समोर येतो. फाइल सुरक्षित राहते, पण तिचा अर्थ हरवतो. संपीडनाच्या बाबतीत हाच धोका वेगळ्या रूपाने उभा आहे. म्हणून ‘किती जागा वाचली’ याबरोबरच ‘काय पणाला लावून वाचली’ हेही विचारणे आवश्यक ठरते.

२. सैद्धान्तिक पार्श्वभूमी

संपीडनाचे दोन प्रकार आहेत. छायाचित्र, ध्वनी व चलच्चित्र यांत माणसाच्या इंद्रियांना न जाणवणारा तपशील टाकून दिला जातो. हे हानियुक्त संपीडन होय. मजकूर, आकडेवारी आणि संगणक-आज्ञावली यांतील एकही बिट गमावून चालत नाही; तेथे हानिरहित संपीडनच लागते. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या प्रकारापुरते मर्यादित आहे.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीच्या मापनाचा सिद्धान्त मांडला. एखादे चिन्ह जितके अपेक्षित, तितकी त्यातून मिळणारी माहिती कमी, हे त्याचे सार होय. डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड आणि विरळ चिन्हांना लांब संकेत देण्याची रीत दिली. जेकब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल यांनी १९७७ व १९७८ च्या निबंधांत दुसरा मार्ग दाखविला. पूर्वी आलेला मजकूर पुन्हा आला की तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा आणि इतकी अक्षरे घ्या’ एवढाच निर्देश करायचा. आज लिनक्सवर प्रचलित असलेली बहुतेक साधने या दोन कल्पनांच्या संयोगातून घडली आहेत.

या सिद्धान्ताची एक मर्यादा साध्या मोजणीनेच कळते. दहा बिटांच्या एकूण १,०२४ भिन्न रचना होतात. त्याहून लहान असलेल्या सर्व रचना, अगदी रिक्त रचना धरूनही, १,०२३ च भरतात. म्हणजे प्रत्येक दहा-बिटी रचनेला स्वतःचे लहान रूप मिळणे अशक्य आहे. कोणतीही हानिरहित पद्धत प्रत्येक फाइल लहान करू शकत नाही. ‘सर्वोत्तम संपीडन-पद्धत’ हा शब्दप्रयोग त्यामुळे मुळातच अपुरा ठरतो. कोणत्या सामग्रीसाठी आणि कोणत्या हेतूसाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

व्यवहारात याचा पहिला परिणाम असा, की जेपेग प्रतिमा, एमपी३ ध्वनिफिती आणि चलच्चित्रे यांवर पुन्हा संपीडन करून फारसे काही हाती लागत नाही. डीओसीएक्स आणि ओडीटी हे दस्तऐवज-प्रकार तर मुळातच झिप पद्धतीने बांधलेले असतात, आणि पीडीएफच्या अंतर्भागातही सामान्यतः संपीडन झालेले असते. ज्या संस्थेची बहुतांश सामग्री या प्रकारची आहे, तिथे संपीडन-पद्धतीची चर्चा करण्याआधी ती करावी की नाही, हाच प्रश्न विचारला पाहिजे.

३. फाइल-संपीडनाची साधने : ऐतिहासिक आढावा

युनिक्सवरील जुनी ‘कॉम्प्रेस’ आज्ञा टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एलझेडडब्ल्यू पद्धतीवर आधारलेली होती. या पद्धतीवर पेटंटचा हक्क होता आणि अमेरिकेतील पेटंटची मुदत २००३ मध्ये संपली. पेटंटमुक्त पर्यायाची गरज म्हणून झाँ-लू गेयी आणि मार्क ॲडलर यांनी १९९२ मध्ये ‘जीझिप’ निर्माण केले. त्यातील ‘डिफ्लेट’ ही पद्धत फिल कॅट्झ यांची असून तिचे सविस्तर वर्णन १९९६ मध्ये खुल्या इंटरनेट-दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. जीझिपचे गुणोत्तर आज मध्यम प्रतीचे मानले जाते. तरीही ते उकलू न शकणारा संगणक सापडणे कठीण आहे, आणि जुन्या ‘कॉम्प्रेस’ आज्ञेच्या फाइलीदेखील जीझिप आजही उकलते. तंत्राचे दीर्घायुष्य केवळ त्याच्या कार्यक्षमतेवर अवलंबून नसते, तर त्याच्या वर्णनाच्या खुलेपणावरही असते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

ज्युलियन सिवर्ड यांचे ‘बीझिप२’ १९९६ मध्ये आले. मायकेल बरोज आणि डेव्हिड व्हीलर यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या रूपांतरावर ते उभे आहे. मजकुराची पुनर्रचना करून सारख्या संदर्भातील अक्षरे शेजारी आणणे, ही त्यातील कल्पना होय. मजकुरावर ते जीझिपपेक्षा सामान्यतः अधिक प्रभावी ठरते. पण उकलताना ते मंद आहे. त्याचा एक दुर्लक्षित गुण पुढे विचारात घेतला आहे.

इगोर पावलोव्ह यांच्या एलझेडएमए पद्धतीवर आधारलेले ‘एक्सझेड’ २००९ नंतर लिनक्सजगतात रुजले. ते मोठा शब्दसंग्रह बाळगते, म्हणजे फार मागील मजकुराशीही सादृश्य शोधते, आणि त्यामुळे फाइल लक्षणीय लहान होते. त्याची किंमत संपीडनाचा वेळ आणि मेमरी यांत मोजावी लागते. त्याच्या माहितीपत्रानुसार सहाव्या पातळीला संपीडनासाठी ९४ मेबीबाइट मेमरी लागते, तर नवव्या पातळीला ६७४. या वरच्या पातळ्यांचा उपयोग फाइल ८ मेबीबाइटपेक्षा मोठी असेल तरच होतो, असेही तेच माहितीपत्र सांगते. तथापि लहानसहान फाइलींनाही सवयीने नववी पातळी लावण्याची प्रथा सर्वत्र आढळते.

यान कोले यांनी २०११ मध्ये ‘एलझेड४’ आणि २०१६ मध्ये फेसबुकमध्ये असताना ‘झेडस्टँडर्ड’ सादर केले. पहिले वेगासाठी गुणोत्तराचा त्याग करते. दुसरे दोहोंचा समतोल साधते. झेडस्टँडर्डचा संकेतन-भाग पोलिश संशोधक यारेक दुदा यांच्या सिद्धान्तावर आधारलेला आहे. त्याच्या पातळ्या १ पासून १९ पर्यंत, आणि विशेष आज्ञेने २२ पर्यंत जातात. मात्र पातळी वाढली तरी उकलण्याचा वेग फारसा घटत नाही. हे वैशिष्ट्य निवडीच्या दृष्टीने निर्णायक आहे.

याचा प्रत्यय आर्च लिनक्सच्या निर्णयातून येतो. या वितरणाने २०१९ च्या अखेरीस आपली पॅकेजे एक्सझेडऐवजी झेडस्टँडर्डने बांधण्यास प्रारंभ केला. त्यांच्या निवेदनानुसार पॅकेजांचा एकूण आकार सुमारे ०.८ टक्क्याने वाढला. उकलण्याचा वेग मात्र सुमारे १,३०० टक्क्यांनी वाढला. एकदा बांधलेले पॅकेज असंख्य संगणकांवर उकलले जाते, तेव्हा हा व्यवहार उघडच फायद्याचा आहे. परंतु त्यावरून ‘झेडस्टँडर्ड सर्वत्र श्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रोजच्या बॅकअपची स्थिती नेमकी उलट असते. तेथे संपीडन दररोज होते आणि उकलण्याची वेळ क्वचितच येते. कधीकाळी एकदा वाचल्या जाणाऱ्या जतन-प्रतीची स्थिती याहून निराळी असते. तिथे दोन्ही वेग गौण ठरतात आणि टिकाऊपणा मुख्य होतो. तात्पर्य, पद्धतीची योग्यता तिच्या अंगी नसून वाचन-लेखनाच्या प्रमाणात आहे.

४. चाचण्यांचे पाठ आणि मराठी मजकूर

संपीडन-पद्धतींची तुलना ठरावीक नमुना-संग्रहांवर केली जाते. त्यांपैकी बहुमान्य असलेला सिलेशिया संग्रह पोलंडमधील सिलेशियन तंत्रविद्यापीठातील सेबास्टियन देओरोविच यांनी २००३ मध्ये सिद्ध केला. त्यात १२ फाइली आहेत. चार्ल्स डिकन्सचे इंग्रजी साहित्य, १९१३ चा वेब्स्टर शब्दकोश, व्लादिस्लाव रेमाँट यांचे पोलिश पुस्तक, वैद्यकीय प्रतिमा, संगणक-आज्ञावली आणि विदासंच अशी त्यांची व्याप्ती आहे. झेडस्टँडर्डच्या निर्मात्यांनी याच संग्रहावरील तुलना प्रसिद्ध केली आहे. तीनुसार पहिल्या पातळीवर झेडस्टँडर्डचे गुणोत्तर सुमारे २.९, डिफ्लेट पद्धतीच्या झेडलिबचे २.७ आणि एलझेड४ चे २.१ आहे, उकलण्याचा वेग मात्र एलझेड४ चा सर्वाधिक आहे. ही चाचणी प्रामाणिक असली तरी तिचे निष्कर्ष जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत, कारण सिलेशिया संग्रहात देवनागरी मजकूर मुळीच नाही.

ही उणीव तपशिलाची नाही. देवनागरीचे प्रत्येक युनिकोड चिन्ह यूटीएफ-८ संकेतनात ३ बाइट घेते, तर इंग्रजी अक्षर १ बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात व्यंजने, काने आणि हलन्त चिन्हे मिळून १० युनिकोड चिन्हे आहेत. म्हणजे तो ३० बाइट व्यापतो. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात हाच शब्द १० बाइटांत मावत असे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट नेहमी एकच असतो आणि दुसरा केवळ दोन पर्यायांपैकी एक असतो. शॅनन यांच्या भाषेत सांगायचे, तर सलग मराठी मजकुरात या पहिल्या बाइटातून जवळजवळ काहीच नवी माहिती मिळत नाही. त्यामुळे मराठी मजकूर संपीडनाला अनुकूल आहे. त्याचे गुणोत्तर चांगले दिसणार हे उघड आहे. पण या यशाचा काही भाग संकेतनाच्या पाल्हाळाचा आहे, पद्धतीच्या कौशल्याचा नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे.

याची दुसरी बाजू अधिक उद्बोधक आहे. जीझिप मागे वळून पाहते ते केवळ ३२ किलोबाइटपर्यंत. इंग्रजी मजकुराच्या बाबतीत या खिडकीत सुमारे ३२ हजार अक्षरे येतात. मराठीच्या बाबतीत मात्र, शब्दांमधील मोकळ्या जागा एकबाइटी असतात हे धरूनही, साधारण अकरा-बारा हजार चिन्हेच येतात. म्हणजे एकाच साधनाची स्मरणशक्ती मराठीसाठी जवळपास तृतीयांशावर येते. ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात आलेली संज्ञा तिसऱ्या प्रकरणात पुन्हा आली, तर जीझिपला ती नवीच वाटते. एक्सझेडचा शब्दसंग्रह सहाव्या पातळीवर ८ मेबीबाइट असतो, आणि झेडस्टँडर्डची खिडकीही जीझिपच्या कित्येक पट मोठी असते. म्हणून मोठ्या मराठी ग्रंथसंग्रहांच्या बाबतीत जीझिप आणि नवी साधने यांतील अंतर इंग्रजीवरील चाचण्यांत दिसते त्याहून अधिक असण्याचा संभव आहे. या संभवाची परीक्षा ज्या संस्थेकडे असा संग्रह आहे, तिनेच स्वतःच्या सामग्रीवर केली पाहिजे. त्यासाठी फार खर्चाची गरज नाही. प्रातिनिधिक फाइलींचा एक संच, घड्याळ आणि नोंदवही एवढे पुरेसे आहे.

५. फाइल-प्रणालीतील संपीडन

आतापर्यंत विचारात घेतलेले संपीडन वापरकर्ता जाणीवपूर्वक करतो. फाइल-प्रणालीतील संपीडन त्याच्या नकळत होते. फाइल लिहिताना ती आपोआप लहान होते आणि वाचताना पूर्ववत होते. येथे पहिली अडचण अशी, की लिनक्सवर सर्वाधिक परिचित असलेल्या ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल-प्रणालींत ही सोय नाही. ईएक्सटी कुळातील फाइलींना संपीडनाची खूण लावता येते. पण प्रचलित कर्नेल ती खूण पाळत नाही. केवळ खूण लागली म्हणून काम झाले असे मानणाऱ्याचा येथे सहज भ्रमनिरास होतो.

बीटीआरएफएस ही प्रणाली २००९ मध्ये मुख्य कर्नेलमध्ये समाविष्ट झाली. तिच्यात आरंभी झेडलिब, २०११ मध्ये एलझेडओ आणि २०१७ मध्ये झेडस्टँडर्ड हे पर्याय आले. फेडोरा वितरणाने २०२० मध्ये आपल्या डेस्कटॉप आवृत्त्यांसाठी बीटीआरएफएस स्वीकारली आणि २०२१ मध्ये झेडस्टँडर्डच्या पहिल्या पातळीचे संपीडन त्यात मूलतः चालू केले. निवडलेली पातळी पहिलीच आहे, ही गोष्ट बोलकी आहे. प्रत्येक लेखनाच्या वेळी संपीडन होणार असल्याने तेथे मोठ्या गुणोत्तराचा मोह परवडत नाही. शिवाय बीटीआरएफएस जास्तीत जास्त १२८ किबीबाइटचे खंड स्वतंत्रपणे संपीडित करते. फाइलीतील कोणताही भाग चटकन वाचता यावा यासाठी ते आवश्यक आहे. परंतु त्यामुळे दोन दूरस्थ खंडांतील सादृश्याचा लाभ मिळत नाही. म्हणून संपूर्ण संग्रहाची एकच टार फाइल करून एक्सझेडने मिळवलेले गुणोत्तर फाइल-प्रणालीकडून अपेक्षिणे योग्य नाही.

या सोयीच्या काही मर्यादा प्रत्यक्ष वापरातच कळतात. संपीडन चालू केल्यानंतर लिहिलेल्या फाइलींनाच ते लागू होते. जुन्या फाइली तशाच राहतात. त्यांचे पुनर्लेखन करून संपीडन करता येते, पण पूर्वीच्या स्थितिचित्रांशी, म्हणजे स्नॅपशॉटशी, असलेली त्यांची सामायिक जागा त्यामुळे तुटते आणि जागा वाचण्याऐवजी वाढू शकते. फाइलींची सूची देणाऱ्या नेहमीच्या आज्ञा मूळ आकारच दाखवितात. खरी बचत पाहण्यास ‘कॉम्पसाइझ’ हे वेगळे साधन लागते.

झेडएफएस ही सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडलेली आणि २००५ मध्ये खुली झालेली प्रणाली संपीडन व अखंडतेची पडताळणी या दोन्ही बाबतींत प्रगत आहे. एलझेड४ चा पर्याय तिच्यात २०१३ पासून आहे, तर झेडस्टँडर्डचा पर्याय ओपनझेडएफएसच्या २०२० मधील दुसऱ्या मुख्य आवृत्तीत आला. मात्र तिचा परवाना लिनक्स कर्नेलच्या परवान्याशी जुळत नसल्याने ती कर्नेलचा भाग नाही. कर्नेल बदलले की तिचा स्वतंत्र भागही त्याला अनुरूप असल्याची काळजी घ्यावी लागते. संगणक-विभागात कुशल मनुष्यबळ असलेल्या संस्थेला हे जमते. अन्यत्र ते ओझे ठरते.

एफ२एफएस या फ्लॅश स्मृतीसाठी रचलेल्या प्रणालीचे उदाहरण तर गुणोत्तरवादी दृष्टीला छेद देणारे आहे. २०२० पासून तिच्यात संपीडन आहे; पण वाचलेली जागा ती वापरकर्त्याला थेट उपलब्ध करून देत नाही. फ्लॅश स्मृतीवरील लेखन घटवून तिचे आयुष्य वाढविणे हा तिचा मुख्य हेतू आहे. जागा न वाचविणारे संपीडनही सार्थ असू शकते, याचे हे प्रमाण होय.

केवळ वाचनासाठी असलेल्या सामग्रीकरिता स्क्वॅशएफएस उपयुक्त आहे. २००९ मध्ये ती मुख्य कर्नेलमध्ये आली. थेट सीडीवरून चालणाऱ्या लिनक्सच्या आवृत्त्यांत तिचा मोठा वापर झाला. संपूर्ण संग्रह एका प्रतिमा-फाइलीत बांधला जातो आणि ती फाइल डिस्कप्रमाणे जोडून हवा तो दस्तऐवज सरळ उघडता येतो. टार फाइलीत शेवटचा दस्तऐवज पाहण्यासाठी त्याआधीचे सारे उकलावे लागते. येथे तसे होत नाही. प्रकाशित होऊन गेलेल्या, ज्यात आता बदल होणार नाही अशा नियतकालिकांच्या अंकांसाठी ही रचना विचारार्ह आहे. २०१९ मध्ये मुख्य कर्नेलमध्ये दाखल झालेली ईआरओएफएस ही याच वर्गातील नवी प्रणाली असून तिचा भर वाचनाच्या वेगावर आहे.

६. दीर्घकालीन जतनाची कसोटी

संपीडन म्हणजे पुनरावृत्ती काढून टाकणे होय. पण पुनरावृत्ती हाच चुकीविरुद्धचा नैसर्गिक बचावही असतो. साध्या मजकुराच्या फाइलीतील एक बाइट बिघडला तर एक अक्षर चुकते आणि वाचक ते संदर्भाने ओळखतो. संपीडित फाइलीतील तोच बिघाड त्यापुढील सर्व मजकूर निरुपयोगी करू शकतो. जितके संपीडन घट्ट आणि खंड जितका मोठा, तितका हा धोका वाढतो. गुणोत्तराच्या तक्त्यात या किमतीसाठी स्तंभच नसतो, ही प्रचलित तुलनांची सर्वांत मोठी उणीव आहे.

या कसोटीवर बीझिप२ चे जुने रूप अनपेक्षितपणे उठून दिसते. ते जास्तीत जास्त ९०० किलोबाइटांच्या स्वतंत्र खंडांत काम करते. प्रत्येक खंडाला स्वतःचा चेकसम, म्हणजे पडताळ्याचा आकडा असतो आणि बिघडलेल्या फाइलीतील निर्दोष खंड वेगळे काढण्याचे साधनही त्याच्यासोबत येते. ‘एलझिप’चे कर्ते अँतोनियो दियाझ दियाझ यांनी एक्सझेडच्या फाइल-रचनेवर नेमका हाच आक्षेप घेतला आहे. तिच्यातील अनेक पर्याय आणि गुंतागुंत दीर्घकालीन जतनाला मारक आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. ते स्वतः प्रतिस्पर्धी साधनाचे कर्ते असल्याने त्यांची टीका तारतम्याने घ्यावी लागते, आणि एक्सझेडमध्येही अनेक खंड करण्याची व पडताळ्याची सोय आहे, हेही नमूद केले पाहिजे. तरीही ‘खराब झालेल्या फाइलीचे काय’ हा त्यांचा प्रश्न योग्य आहे.

पडताळा चूक दाखवितो, दुरुस्त करीत नाही. बीटीआरएफएस आणि झेडएफएस बिघाड ओळखतात. पण दुसरी निर्दोष प्रत असेल तरच तो भरून काढतात. म्हणून जतनाच्या बाबतीत दुसऱ्या ठिकाणची प्रत, आणि शक्य तिथे ‘पार२’सारख्या साधनाने निर्माण केलेली दुरुस्ती-माहिती, ही संपीडनाच्या निर्णयाचाच भाग मानली पाहिजे. संपीडनाने वाचलेल्या जागेचा काही अंश अशा नियोजित पुनरावृत्तीवर खर्च करणे हा विरोधाभास नाही. भाषेतील सहज पुनरावृत्ती काढून तिच्या जागी हेतुपूर्वक रचलेली पुनरावृत्ती ठेवणे, असा तो व्यवहार आहे.

लिनक्स कर्नेलच्या अधिकृत वितरणातील एक प्रथा येथे मार्गदर्शक ठरते. तेथील डिजिटल सही संपीडित फाइलीवर नसून उकललेल्या टार फाइलीवर असते. २०१३ च्या अखेरीस बीझिप२ स्वरूपातील वितरण थांबवून एक्सझेड आणि जीझिप ही दोन रूपे ठेवण्यात आली. परंतु सहीच्या वैधतेला त्यामुळे बाधा येत नाही. संस्थेनेही पडताळ्याचा आकडा मूळ सामग्रीवर काढून जपला, तर उद्या संपीडन-पद्धत बदलली तरी सामग्री तीच आहे, हे सिद्ध करता येते. वेष्टण बदलले तरी ऐवज ओळखता येण्याची ही हमी आहे.

७. विश्वासार्हतेचा प्रश्न : २०२४ ची घटना

२९ मार्च २०२४ रोजी पोस्टग्रेसएसक्यूएल या विदाधार-प्रकल्पावर काम करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत गुप्त शिरकावाचा मार्ग दडविलेला असल्याचे जाहीर केले. दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, या क्षुल्लक वाटणाऱ्या विलंबाचा माग काढताना हे उघडकीस आले. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दीर्घकाळ उपयुक्त योगदान देऊन प्रकल्पाचा विश्वास संपादन केला होता. प्रकल्पाचे मूळ पालक लासे कोलिन हे काम विनामोबदला आणि जवळजवळ एकट्याने सांभाळीत होते. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या नमुना फाइलींत लपविला होता. संपीडित फाइल स्वभावतःच वाचनीय नसते आणि चाचणीसाठी मुद्दाम बिघडविलेल्या फाइलीही ठेवल्या जातात. त्यामुळे तेथे कोणाला संशय आला नाही. मुक्त आज्ञावलीच्या सार्वजनिक भांडारात आणि वितरित केलेल्या संग्रह-फाइलीत असलेल्या फरकाचाही लाभ उठविण्यात आला. सुदैवाने या आवृत्त्या मुख्यतः चाचणी-स्तरावरील वितरणांतच पोहोचल्या होत्या.

या घटनेवरून एक्सझेडची पद्धत सदोष होती असे सिद्ध होत नाही, ५.६.२ पासूनच्या आवृत्त्यांतून तो भाग काढून टाकण्यात आला. सिद्ध होते ते असे, की गणिती गुणवत्तेच्या तक्त्यात न दिसणारा एक घटक, म्हणजे ते साधन सांभाळणाऱ्या माणसांची संख्या आणि त्यांच्यावरील भार, हाही निवडीचा निकष आहे. दुसरीकडे हेही मान्य केले पाहिजे, की आज्ञावली खुली असल्यामुळेच एका बाहेरच्या तज्ज्ञाला तिचा ठाव घेता आला. खुलेपणा ही सुरक्षिततेची हमी नव्हे. परीक्षेची संधी आहे. ती संधी घेणारे लोक असतील तरच तिचा उपयोग होतो.

८. निवडीची दिशा

वरील चिकित्सेतून शैक्षणिक संस्थेसाठी काही सूत्रे काढता येतात. दैनंदिन वापराच्या सामग्रीसाठी, फाइल-प्रणालीत सोय असल्यास, झेडस्टँडर्डची खालची पातळी किंवा एलझेड४ पुरेसे आहे. दररोजच्या बॅकअपसाठी झेडस्टँडर्डची मध्यम पातळी वेग आणि बचत यांचा मेळ घालते. इतर संस्थांना पाठवावयाच्या फाइलींसाठी जीझिप किंवा झिप यांची सार्वत्रिकता अधिक मोलाची आहे. पाठविणाऱ्याची दहा टक्के बचत घेणाऱ्याची अडचण होऊ नये. बदल न होणाऱ्या आणि वारंवार पाहिल्या जाणाऱ्या संग्रहासाठी स्क्वॅशएफएस योग्य ठरते. दीर्घकालीन जतनासाठी खुले वर्णन असलेली जुनी-परिचित पद्धत, लहान स्वतंत्र खंड, मूळ सामग्रीचा पडताळा आणि किमान एक अन्यत्र ठेवलेली प्रत आवश्यक आहे. अत्यंत मोलाचा मराठी मजकूर तर साध्या यूटीएफ-८ रूपात, असंपीडितही ठेवावा. मजकुराचा आकार प्रतिमा व ध्वनी यांच्या तुलनेत इतका अल्प असतो, की तेथील बचत जोखमीच्या मानाने नगण्य ठरते. शेवटी, कोणती पद्धत, कोणती पातळी आणि कोणत्या कारणाने निवडली, याची नोंद सामग्रीसोबतच एका साध्या मजकूर-फाइलीत करून ठेवणे अगत्याचे आहे.

९. निष्कर्ष

१. हानिरहित संपीडनाची एकच सर्वोत्तम पद्धत असू शकत नाही. पद्धतीची योग्यता सामग्री, वापराचे स्वरूप आणि कालावधी यांवर ठरते.

२. प्रचलित चाचणी-संग्रह देवनागरी मजकुराचे प्रतिनिधित्व करीत नाहीत. तीन-बाइटी संकेतनामुळे लहान खिडकीच्या पद्धतींची मर्यादा मराठीत अधिक जाणवण्याचा संभव आहे. म्हणून स्वतःच्या सामग्रीवरील चाचणी अपरिहार्य आहे.

३. फाइल-प्रणालीतील संपीडन ही सोय आहे, जतनाची योजना नव्हे. तिच्यावर दुसऱ्या प्रतीची जबाबदारी टाकता येत नाही.

४. गुणोत्तर वाढते तशी बिघाडाची व्याप्तीही वाढू शकते. ही किंमत तुलनेत मोजली गेली पाहिजे.

५. साधनामागील माणसे, परवाना आणि वर्णनाचा खुलेपणा हे तांत्रिक निकषांइतकेच खरे निकष आहेत.

संपीडनाचा निर्णय हा वरकरणी जागेचा हिशेब असला, तरी प्रत्यक्षात तो आजच्या वापरकर्त्याने उद्याच्या वाचकाच्या वतीने घेतलेला निर्णय असतो. त्या वाचकाच्या हाती फाइल पडेल तेव्हा ती किती लहान आहे, यापेक्षा ती उघडते की नाही, हेच त्याच्या लेखी महत्त्वाचे असेल.